कार्पेटवरचा गालिचा सरकतो का, आणि थोपवायचा कसा

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून लंडनमधल्या हौन्स्लोपर्यंत, भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न हमखास पडतो. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट असतं, तेही बहुधा फिकट करड्या नाहीतर बेज रंगाचं. त्यावर बाळ रांगणार, पाहुणे मांडी घालून बसणार, कुणाच्या तरी हातातली आमटीची वाटी कलंडणार. घरमालकाकडची अनामत वाचावी म्हणून, किंवा खोलीला जरा रंग यावा म्हणून, वर एक गालिचा अंथरला जातो. आठवडाभरात तो तिरका होतो, मधे फुगतो, कोपरे वर येतात. मग दुकानातून रबरी जाळीची चटई येते. तिने काहीच फरक पडत नाही. पुढची पायरी म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

गोंधळाचं मूळ सल्ल्यात आहे. गालिचा जागेवर राहावा म्हणून सुचवले जाणारे बहुतेक उपाय लाकडी किंवा फरशीच्या कडक जमिनीसाठी असतात. मऊ कार्पेटवर ते लागू पडत नाहीत. काही तर उलटे पडतात. (या लेखात कार्पेट म्हणजे जमिनीला कायमचं बसवलेलं, आणि गालिचा म्हणजे त्यावर तुम्ही सुटा अंथरलेला, मग तो लोकरी असो, तागाचा असो की सोलापुरी सतरंजी.)

आधी दुखणं ओळखा

कडक जमिनीवर गालिचा घसरतो. पाय जोरात पडला की तो एका झटक्यात हलतो. कार्पेटवर तो असा घसरत नाही, रोज थोडाथोडा चालतो. कार्पेटची लव सरळ उभी नसते, एका बाजूला कललेली असते. गालिच्यावर पाय पडला की खालची लव त्याच बाजूला आणखी झुकते आणि वरच्या गालिच्याला केसभर पुढे नेते. पाय उचलला की लव पुन्हा उभी राहते, पण गालिचा मागे येत नाही. घरातल्या चार माणसांची दिवसभरातली पावलं मोजा, म्हणजे आठवड्यात तो वीतभर का सरकतो ते कळेल. शिवाय कार्पेटच्या खाली फोमचा थर असतो. हा थर जितका मऊ, तितका प्रत्येक पावलाला खळगा पडतो आणि गालिचा त्या खळग्यात ओढला जातो.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी आठ दिवस फक्त पाहा. गालिचा सरळ अंथरा, चारही कोपऱ्यांचं भिंतीपासूनचं अंतर मोजून लिहून ठेवा. कार्पेटवरून तळहातही फिरवून बघा. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलट दिशेने लव उभी राहून अडते आणि रंग गडद दिसतो. गुळगुळीत जाणारी दिशा हाच लवीचा कल. आठ दिवसांनी पुन्हा मोजलंत की उत्तर बहुधा यांपैकी एक असतं:

- अख्खा गालिचा एकाच बाजूला सरकला. लवीचा कल कारण आहे. योग्य पॅड आणि योग्य जागी वजन, एवढ्याने काम भागतं.
- मधे फुगवटा आला. बहुधा गालिच्याची दोन्ही टोकं जड फर्निचरखाली अडकली आहेत. मधलं कापड पावलांनी ढकललं जातं, पण त्याला जायला जागाच नाही.
- फक्त कोपरे वर आले. सरकण्याशी याचा संबंध नाही. गुंडाळीची सवय, पाठीवरचा लेप किंवा हवेतला कोरडेपणा, यांतलं काहीतरी आहे.
- रोज एकच कड दुमडते. दाराकडे पाहा, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरकडे. दाराची खालची कड गालिच्याला लागत असेल तर कोणताही पॅड उपयोगाचा नाही. गालिचाच दाराच्या फेऱ्यातून बाहेर घ्यावा लागेल.
- गालिचा उचलला, तर खालच्या कार्पेटलाच लाटा दिसल्या. मग गालिच्यावर एक पैसाही खर्च करू नका. आधी पुढचा भाग वाचा.

कार्पेटच सैल असेल तर

भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट गोंदाने चिकटवलेलं असतंच असं नाही. घरांमध्ये ते बहुधा भिंतीलगतच्या खिळेदार लाकडी पट्ट्यांवर ताणून अडकवलेलं असतं. हा ताण द्यायला पॉवर स्ट्रेचर नावाचं लांब दांड्याचं अवजार लागतं. घाईत काम करणारा कारागीर ते आणत नाही, गुडघ्याने ढकलायच्या छोट्या अवजारावर भागवतो आणि वर्षा-दोन वर्षांत कार्पेट सैल पडतं. जड कपाटं ओढत नेल्यानेही हेच होतं. दमट हवेत काही कार्पेटना तात्पुरत्या लाटा येतात. हवा कोरडी झाली की त्या आपोआप बसतात. न बसणाऱ्या लाटांवर इलाज एकच, कार्पेट पुन्हा ताणून घेणं.

भाड्याच्या घरात हे काम घरमालकाचं आहे. तुम्ही कार्पेटला काही केलेलं नसेल, तर सैल पडणं ही नेहमीच्या वापरातली झीज समजली जाते. फोनवर सांगून थांबू नका. लाटांचे तिरप्या उजेडातले फोटो काढा, ईमेलने पाठवा, आणि त्यात 'अडखळून पडण्याचा धोका आहे' हे वाक्य स्पष्ट लिहा. इमारतीची देखभाल पाहणारे लोक सौंदर्याची तक्रार बाजूला ठेवतात, सुरक्षेची सहसा ठेवत नाहीत. कार्पेट बदलून द्या असं मागण्यापेक्षा ताणून द्या असं मागितलंत तर होकार लवकर मिळतो, कारण त्याचा खर्च बराच कमी असतो.

पॅड: सगळी मदार यावर

गालिच्याखाली घालायच्या पॅडचे दुकानात ढीग असतात आणि वेष्टनावर सगळेच 'घसरत नाही' म्हणतात. तिकडे लक्ष देऊ नका. वेष्टनावर 'रग ओव्हर कार्पेट' किंवा 'कार्पेट टू कार्पेट' असं लिहिलेलं आहे का, एवढंच पाहा. नसेल तर तो पॅड कडक जमिनीचा आहे.

कार्पेटवर चालणारा पॅड पातळ, ताठ आणि दोन्ही बाजूंनी पकडणारा असतो. सहसा तो दाबून घट्ट केलेल्या पॉलिएस्टर तंतूंचा असतो, नमद्यासारखा दिसतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना सौम्य चिकट लेप असतो. ताठपणामुळे पावलाचा दाब एका ठिकाणी न राहता पसरतो, खळगा उथळ पडतो. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास असली तर उत्तम. ६ च्या पुढे जाऊ नका. ग्राहक इथेच चुकतात. जाड पॅड घेतला की पाय सुखावतो, पण फोमवर फोम चढवल्यामुळे गालिचा पूर्वीपेक्षा जास्त चालतो, शिवाय कडेला पायरी तयार होते.

हे प्रकार कार्पेटसाठी घेऊच नका:

- पीव्हीसीची जाळी, म्हणजे स्वयंपाकघराच्या खणात अंथरतात तशी. तिची पकड गुळगुळीत पृष्ठभागावर असते. लवीत ती तरंगते.
- रबरी ठिपके असलेले पॅड. कारण तेच.
- मेमरी फोम.
- ज्या गालिच्याला मुळातच रबराची पाठ आहे, त्याखाली आणखी रबर. अशा गालिच्याची पाठ काही वर्षांनी भुगा होऊन लवीत अडकते. तो भुगा निघता निघत नाही, आणि काही रबरांचा पिवळट डागही कार्पेटवर उतरतो.

पॅड गालिच्यापेक्षा चारही बाजूंनी साधारण इंचभर आत हवा. ८ बाय १० फुटांच्या गालिच्याला ७ फूट १० इंच बाय ९ फूट १० इंच. नेमका आकार मिळाला नाही तर मोठा घेऊन कात्रीने कापा. छोटा पॅड मधोमध घालून वेळ मारून नेलीत तर त्याच्या कडेवर गालिच्याला कायमची घडी पडते. आणि गालिचा हाताने गाठी मारून विणलेला, जुना किंवा महाग असेल, तर चिकट लेपाचा पॅड एका कोपऱ्यात दोन आठवडे ठेवून पाहिल्याशिवाय पूर्ण अंथरू नका.

अंथरण्याची रीत

एकट्याने हे काम करू नका. दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो.

१. कार्पेट नीट व्हॅक्यूम करा. चिकट पॅडचा पहिला शत्रू धूळ.

२. नवा गालिचा आला असेल तर तो एक दिवस उलगडून नुसता पडू द्या.

३. पॅड जागेवर ठेवा, खालच्या बाजूचं संरक्षक कागदाचं आवरण एका टोकाकडून काढत काढत तळव्याने दाबत जा. खाली हवा राहता कामा नये.

४. गालिचा गुंडाळूनच पॅडच्या एका टोकाशी आणा. कड जुळवा, मग दोघांनी मिळून उलगडत न्या. अर्ध्यावर तिरका गेलाय असं वाटलं तर ओढू नका. परत गुंडाळा आणि पुन्हा सुरुवात करा.

५. मधून कडेकडे चालत जा. त्यानंतरच फर्निचर ठेवा.

पॅडची पकड कायम टिकत नाही. काही पॅड ओल्या फडक्याने पुसले की पुन्हा चिकटतात, काही बदलावे लागतात. गालिचा पुन्हा चालायला लागला तर पॅडची पकड गेली असं समजायचं.

सोफ्याचं वजन कोणत्या बाजूला

बैठकीच्या खोलीत सोफ्याचे निदान पुढचे दोन पाय गालिच्यावर घ्या, हा सजावटकारांचा नेहमीचा सल्ला आहे आणि तो बरोबर आहे. ते पाय गालिच्याच्या कोणत्या टोकावर हवेत, हे मात्र कुणी सांगत नाही.

समजा तुमचा गालिचा टीव्हीच्या दिशेने चालतो. मग वजन टीव्हीच्या टोकाला नको, त्याच्या विरुद्ध टोकाला हवं. चालणाऱ्या कापडाला मागून धरून ठेवलं तर ते ताणलेलं राहतं. पुढून अडवलं तर ते अडसरापाशी गोळा होतं आणि फुगवटा येतो. दोन्ही टोकांना जड सामान ठेवायचंच असेल, तर मधला भाग चांगला ताणून मगच ठेवा, आणि पॅडशिवाय ठेवू नका.

जेवणाच्या टेबलाखाली गालिचा घालायचा असेल तर तो टेबलाच्या चारही बाजूंनी साधारण २ फूट बाहेर यायला हवा. नाहीतर खुर्ची मागे सरकवली की तिचे मागचे पाय कडेवरून खाली उतरतात आणि परत येताना गालिचा ढकलतात. खरं सांगायचं तर कार्पेटवर, जेवणाच्या टेबलाखाली, पुन्हा गालिचा ही कल्पनाच त्रासाची आहे. जमलं तर टाळा. चाकांच्या खुर्चीखालीही हाच नियम. तिथे गालिच्याऐवजी खालून खुंट्या असलेली कडक प्लास्टिकची चटई मिळते, ती कार्पेटमध्ये रुतून बसते.

व्हॅक्यूम करताना फिरत्या ब्रशचं बटण बंद करा आणि कडेवरून आत न शिरता मधून बाहेरच्या दिशेने फिरवा. झालरी असलेल्या गालिच्यावर रोबो सोडलात तर झालर त्याच्या ब्रशात अडकणार, हे गृहीत धरा.

कोपरे वर येतात तेव्हा

नव्या गालिच्याचे कोपरे महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवल्यामुळे वळलेले असतात. आधी सोपा उपाय करा: कोपरा उलट बाजूला हलक्या हाताने गुंडाळून तासभर ठेवा, मग सरळ करून त्यावर जाडजूड पुस्तकं ठेवून दोन दिवस हात लावू नका. जुना, ठिसूळ झालेला किंवा पाठीवर लॅटेक्सचा लेप असलेला गालिचा उलटा गुंडाळू नका, लेपाला तडे जातात. हाताने टफ्ट केलेल्या, म्हणजे पाठीवर कापड चिकटवलेल्या गालिच्यांना असा लेप असतोच. परदेशातल्या दुकानांत दिसणारे असे पुष्कळ गालिचे उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यात तयार झालेले असतात. लेबल आणि पाठ दोन्ही पाहून घ्या.

वजनाने भागलं नाही तर वाफ. लोकर किंवा सुती गालिचा असेल तर कोपरा उलटा करून त्याच्या पाठीवर ओलसर पांढरं फडकं ठेवा, मध्यम गरम इस्त्री काही सेकंद दाबा, लगेच वजन ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत उचलू नका. रंग सुटतो का हे आधी एका टोकावर पाहा. लेबलवर पॉलिप्रोपिलीन किंवा ओलेफिन लिहिलं असेल तर इस्त्री कपाटातच राहू द्या: हे प्लास्टिक सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळू लागतं, आणि सुती कपड्यांसाठी तापवलेली इस्त्री त्याच्या पुढे जाते. तागाला पाणी आवडत नाही, डाग पडतो. व्हिस्कोसला तर ओलावा अजिबात लावू नका.

हिवाळ्यात घरातलं हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी पडते आणि तोपर्यंत सपाट असलेले ताग-सुताचे कोपरे अचानक उचलतात. यात गालिच्याचा दोष नाही. अशा वेळी कोपऱ्याच्या पाठीला शिवून बसवायची प्लास्टिकची किंवा चामड्याची पट्टी कामी येते. गालिचा दुरुस्त करणारे कारागीर ती लावून देतात; जाड सुई हाताळता येत असेल तर घरीही जमते.

सोलापूरहून आलेली सतरंजी

मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघालेल्या आईबाबांच्या बॅगेत चटण्या-लोणच्यांबरोबर एक सतरंजी असतेच. फरशीवर ती वर्षानुवर्षं छान राहते. कार्पेटवर मात्र तिचं नशीब फुटतं, कारण ती हलकी आहे, पातळ आहे आणि तिला पाठ नाही. लव तिला सहज घेऊन चालते आणि मऊ थरावर तिला सुरकुत्या पडतात.

तिचे तीन मार्ग आहेत. पहिला, तिला पातळ ताठ पॅडवर चारही कडांनी टाके घालून बसवा. सुती कापडाला हे सोसतं, आणि धुवायच्या वेळी टाके उसवता येतात. दुसरा, ती फक्त बसण्यापुरती अंथरा आणि उठलं की घडी करा, जशी ती आपल्याकडे वापरली जाते. तिसरा, भिंतीवर टांगा नाहीतर दिवाणावर घाला. उंच, मऊ लवीच्या कार्पेटवर ती कायमची अंथरून ठेवणं हा मार्ग नाही. आणि पहिली धुलाई खाली कार्पेट नसताना, थंड पाण्यात, वेगळी करा. लाल-निळ्या पट्ट्यांचा रंग फिकट कार्पेटवर उतरला तर ती झीज ठरत नाही, नुकसान ठरतं.

टेप, वेल्क्रो, पिना

दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप भाड्याच्या कार्पेटवर लावू नका. काढताना ती लव उपटते, न उपटली तर गोंद मागे ठेवते, आणि त्या गोंदावर धूळ बसून गालिच्याच्या आकाराची काळी चौकट उमटते. स्वतःच्या घरात, आखूड लवीवर, फक्त कोपऱ्यांपुरती कार्पेटसाठीचीच टेप वापरायची तर वापरा. आधी कपाटामागे चाचणी घ्या.

वेल्क्रोची काटेरी बाजू गालिच्याच्या पाठीला शिवली तर ती कापलेल्या लवीला बऱ्यापैकी धरते. पण कार्पेट बर्बर प्रकारचं, म्हणजे सुताचे फास न कापता ठेवलेलं असेल, तर हा उपाय बाद. एक फास ओढला गेला की अख्खी रांग उसवत जाऊ शकते, आणि ती दुरुस्त करणं अवघड असतं.

वळणदार पिना दुकानात सर्रास मिळतात. गालिच्यातून खाली कार्पेटमध्ये फिरवून घालायच्या. पकड चांगली असते. ज्या घरात रांगतं बाळ, मांजर-कुत्रा किंवा अनवाणी फिरणारी माणसं आहेत, तिथे त्या नकोत. म्हणजे जवळजवळ कोणत्याच मराठी घरात नकोत. सोफ्याखालच्या, पाय न पडणाऱ्या टोकाला दोन पिना चालतील.

पूजा, हळदीकुंकू आणि तीस माणसं

सत्यनारायण किंवा गौरी-गणपतीला दिवसभरासाठी चटया-सतरंज्या अंथरायच्या असतात, तेव्हा कार्पेट वाचवायला बरेच जण खाली प्लास्टिकचा कागद घालतात. तेल-हळद खाली जात नाही हे खरं, पण कापड आणि प्लास्टिक एकमेकांवरून सुळकन सरकतात आणि साडी सावरत उठणारी बाई पडते. प्लास्टिक फक्त चौरंगाखाली आणि नैवेद्याच्या जागी घाला, तेही सतरंजीच्या वर. चौरंगाखाली प्लायवुडचा तुकडा ठेवलात तर तो डुगडुगत नाही आणि समईही सरळ उभी राहते. समईखाली खोल ताट हवंच. नायलॉनच्या कार्पेटवर हळद पक्की बसते. सांडली तर आधी कोरडी व्हॅक्यूम करा, पाणी लावून चोळू नका.

घरात ज्येष्ठ असतील तर नियम कडक

अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांच्या २००१ ते २००८ या काळातल्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ६५ किंवा त्याहून अधिक वयाची सुमारे ३८ हजार माणसं दरवर्षी कार्पेट किंवा गालिच्यामुळे पडून उपचारांसाठी येत होती. बहुतेक जण घरातच पडले होते. गालिचा संपून दुसरी जमीन सुरू होते ती जागा, ओला गालिचा आणि बाथरूमकडची घाई, ही कारणं वारंवार आढळली.

तेव्हा शयनघर ते बाथरूम या वाटेवर गालिचा ठेवू नका, कितीही सुंदर असला तरी. लांब अरुंद पट्टीचा रनर तर कार्पेटवर सगळ्यांत वाईट वागतो, कारण त्याला वजन नाही आणि रहदारी सगळी त्यावरूनच. सार्वजनिक जागांसाठीच्या अमेरिकन सुगम्यता नियमांत कार्पेटच्या लवीची कमाल उंची अर्धा इंच धरली आहे आणि मोकळ्या कडा जमिनीला बांधलेल्या हव्यात असं म्हटलं आहे. हे नियम घरांना लागू नाहीत. पण वॉकर किंवा काठी वापरणारं माणूस घरात असेल, तर हेच माप घरी लावा. गालिचा आणि पॅड मिळून कडेची उंची अर्ध्या इंचाच्या वर जात असेल, तर तो गालिचा त्या खोलीत नको.

घर सोडताना: अनामतीचा हिशोब

गालिच्याखालचं कार्पेट उजळ आणि भोवतीचं फिकटलेलं दिसणं ही उन्हाने झालेली नेहमीची झीज आहे. फर्निचरच्या पायांचे ठसेही तसेच. गोंद, उतरलेला रंग, उपटलेली लव, रबराचा डाग हे नुकसान. घरमालक पहिल्यासाठी पैसे कापू शकत नाही, दुसऱ्यासाठी कापू शकतो, पण वाटेल तेवढे नाही. कार्पेटचं वय मोजावं लागतं. कॅलिफोर्निया राज्याच्या भाडेकरू मार्गदर्शिकेत याचं सरळ उदाहरण दिलं आहे: दहा वर्षं टिकणारं कार्पेट आठव्या वर्षी भाडेकरूने खराब केलं आणि नवं १,००० डॉलरला येतं, तर घरमालकाला फक्त उरलेल्या दोन वर्षांचे, म्हणजे २०० डॉलर घेता येतात. नव्या कार्पेटची पूर्ण रक्कम मागणारं बिल आलं, तर हा हिशोब लेखी मांडा.

मुदती आणि मर्यादा जागेनुसार बदलतात:

- कॅलिफोर्निया: २१ दिवसांत अनामत किंवा कपातीचा तपशील द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. २०२५ पासून घराचे फोटो काढणंही घरमालकांना बंधनकारक झालं आहे. ते फोटो मागा.
- न्यू जर्सी: कमाल दीड महिन्याचं भाडं, परतीची मुदत ३० दिवस. रक्कम चुकीने अडवली तर न्यायालय दुप्पट देववू शकतं.
- इंग्लंड: वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर अनामत कमाल पाच आठवड्यांची. ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते, आणि वाद झाला तर त्या योजनेकडे मोफत निवाडा मिळतो.
- कॅनडातलं ऑन्टारिओ: इथे नुकसानीपोटी अनामत घेताच येत नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, ते कार्पेटच्या डागासाठी अडवता येत नाही. नुकसानीची भरपाई मात्र घरमालक वेगळी मागू शकतो.

राहायला येतानाच, सामान लावण्यापूर्वी, कार्पेटचे तारीख दिसणारे फोटो काढा. लाटा आणि जुने डाग जवळून घ्या, आणि त्याच दिवशी ते घरमालकाला ईमेल करा. फोटो फक्त तुमच्या फोनमध्ये राहिले तर वादाच्या वेळी ते केव्हाचे हे सिद्ध करत बसावं लागतं.